आरव्ही-७ए चा ट्रिम टॅब: मोटर ठीक, इंडिकेटर ठीक, तरी प्ले (ढिलेपणा) येतोय. नक्की कुठे कुठे बघायचं?

डेटनचा_धुळेकर
नमस्कार मंडळी. इथे विमानं उडवणारे आणि दुरुस्त करणारे चार जण आहेत हे माहितीये म्हणून इकडेच विचारतोय. इंग्रजी ग्रुपवर विचारलं की निम्मे लोक "नवीन सर्व्हो घे" म्हणतात आणि उरलेले निम्मे आपापसात भांडतात.

माझं आरव्ही-७ए आहे, म्हणजे किटमधून घरी बांधायचं छोटं विमान. मी बांधलेलं नाही, ज्याने गॅरेजमध्ये बांधलं त्याच्याकडून घेतलंय, त्यामुळे रिपेअरमन सर्टिफिकेट (स्वतः तपासून सही करायचा परवाना) त्या बांधणाऱ्याकडे, आणि दरवर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनला मला ए अँड पी, म्हणजे परवानाधारक मेकॅनिक लागतो. उघडझाप, धुणं-पुसणं, ग्रीसिंग ही हमाली माझी, सही त्याची. यंदाचं इन्स्पेक्शन आता तोंडावर आलंय.

डाव्या एलेव्हेटरला (शेपटीच्या आडव्या पंखाचा, नाक वरखाली करणारा हलता भाग) ट्रिम टॅब आहे, म्हणजे त्याच्या मागच्या कडेची छोटी फळी, स्टिकवरचा जोर हलका करणारी. इलेक्ट्रिक, रे अॅलनचा सर्व्हो (छोटी मोटर) एलेव्हेटरच्या आत बसवलेला. बटण दाबलं की टॅब खालीवर होतो, पॅनेलवरचा इंडिकेटर बरोबर दाखवतो, उडताना काही त्रास नाही. पण प्रीफ्लाइटला टॅबची मागची कड बोटांत धरून हलवली की टुक टुक वाजतं. आधी हे इतकं नव्हतं असं वाटतं, पण मोजलेलं नाही त्यामुळे खात्रीने सांगू शकत नाही.

प्रश्न असे की किती प्ले चालतो, तो नेमका कुठून येतोय हे कसं शोधायचं, आणि बाहेरून न दिसणारं असं काय काय असू शकतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नागपुरी_एएमई
निवृत्त एएमई (विमान दुरुस्तीचा इंजिनिअर) आहे, आयुष्य सेसना आणि बीचक्राफ्टमध्ये गेलं, आरव्हीला हात लावलेला नाही हे आधीच सांगतो. पण ट्रिम टॅब सगळीकडे सारखाच.

पहिली गोष्ट, "इंडिकेटर बरोबर दाखवतो" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. तुमच्या सर्व्होच्या पाच वायरी आहेत ना, दोन पांढऱ्या मोटरच्या आणि केशरी, हिरवी, निळी या पोझिशन सेन्सरच्या. तो सेन्सर बसलाय सर्व्होच्या पोटात. म्हणजे इंडिकेटर तुम्हाला सर्व्होचा दांडा कुठे आहे ते सांगतो, टॅब कुठे आहे ते नाही. उद्या पुशरॉडची (सर्व्हो आणि टॅब जोडणारा दांडा) पिन गळून पडली आणि टॅब वाऱ्यावर फडफडायला लागला तरी पॅनेलवरचा दिवा निवांत मधोमध. तेव्हा तपासणी कॉकपिटकडून मागे करायची नाही, टॅबकडून पुढे करायची. टॅबला हाताने ढकलायचं आणि तो जोर कुठल्या कुठल्या सांध्यातून जातो ते एकेक बघत जायचं: टॅबची कातडी (पत्रा), हिंज (बिजागरी), हॉर्न (दांडा जोडायचा टॅबवरचा कान), हॉर्नचे रिव्हेट, क्लेव्हिस (दांड्याच्या टोकाचा यू आकाराचा चिमटा), पिन, पुशरॉड, त्याचा जॅम नट (आटे फिरू नयेत म्हणून आवळलेला), दुसरा क्लेव्हिस, सर्व्होचा दांडा, सर्व्होचे स्क्रू, आणि सर्व्हो ज्या प्लेटवर बसलाय ती प्लेट. यातला बाहेरून फक्त अर्धा भाग दिसतो. बाकीचा अर्धा एलेव्हेटरच्या आत, आणि प्रीफ्लाइटला तो कुणी बघत नाही.

आणि हो, तुम्ही धुणं-पुसणं आधी करता असं दिसतंय. यावेळी करू नका. आधी बॅटरी घेऊन टॅबच्या खालच्या बाजूला आडवं पडून बघा. हिंजच्या गाठींतून किंवा रिव्हेटच्या डोक्यामागून काळपट राखाडी ओघळ आलेत का ते बघा. अॅल्युमिनियम घासलं की त्याची बारीक पूड होते, ती तेलात मिसळून मागच्या बाजूला ओघळते. साबणाचा एक हात फिरवला की सगळा पुरावा गेला, मग मेकॅनिक येणार आणि म्हणणार वा काय स्वच्छ ठेवलंय विमान.

सिएटलकर_पुणे३०
काका, आदर आहे पण एवढं घाबरवू नका हो. माझ्या आरव्ही-६ ला मॅन्युअल ट्रिम आहे, केबलवाला, त्याला पहिल्या दिवसापासून प्ले आहे. एसटीच्या गियर लिव्हरइतका नाही पण आहे. टेलविंडमध्ये फुल थ्रॉटल मारलाय, काही झालेलं नाही. एक्स्पेरिमेंटल (घरी बांधलेल्या, बदललेल्या) विमानात सगळं एअरलाइनच्या टॉलरन्सने बघायला गेलं तर विमान हँगरमध्येच राहील.

@धुळेकर, हिंजला थोडं तेल सोड आणि उड. मजा कर.

नागपुरी_एएमई
पुणे३०, टेलविंडने एअरस्पीड वाढत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. असो.

"काही झालेलं नाही" हाच या दुखण्याचा स्वभाव आहे. टॅबला प्ले आहे म्हणजे तेवढ्या कोनापुरता तो कुणीच धरलेला नाही. एका वेगापर्यंत वारा त्याला एका बाजूला दाबून ठेवतो आणि प्ले जाणवत नाही. त्यापुढे जर तो दोन्ही बाजूंना आपटायला लागला तर फ्लटर (स्वतःहून वाढत जाणारी फडफड), आणि फ्लटरमध्ये विचार करायला वेळ मिळत नाही.

अमेरिकेतल्या रीनोची विमान शर्यत, २०११, १६ सप्टेंबर. द गॅलपिंग घोस्ट नावाचं पी-५१डी (जुनं लढाऊ विमान), रेसिंगसाठी खूप बदललेलं, एक्स्पेरिमेंटल कॅटेगरीतलंच. शर्यतीत डाव्या एलेव्हेटरचा ट्रिम टॅब फडफडला, त्याचा लिंक तुटला, विमानाने एकदम नाक वर घेतलं. एनटीएसबीच्या (अमेरिकेची अपघात तपास संस्था) हिशोबाने १७ जी च्या, म्हणजे वजनाच्या १७ पट जोराच्या पुढे गेलं. पायलट तिथेच गारद. विमान प्रेक्षकांच्या खुर्च्यांजवळ कोसळलं, पायलट जिमी लीवर्ड आणि खालचे १० जण गेले, साठाहून जास्त जखमी. मूळ कारण काय निघालं? टॅब बसवणाऱ्या स्क्रूंचे लॉकनट. एकदाच वापरायचे ते पुन्हा वापरलेले, आतला पकडीचा इन्सर्ट म्हातारा झालेला. नटाची पकड गेली, स्क्रू सैल झाले, एका स्क्रूला फटीग क्रॅक (वारंवार ताणाने पडणारी चीर) गेला, टॅबचा ताठपणा कमी झाला. त्यात उजवा टॅब मालकाने कायमचा जागेवर बसवून टाकला होता म्हणजे सगळा भार डाव्यावर, आणि त्या बदलाची ना धड कागदावर नोंद ना चाचणी. बाहेरून बघणाऱ्याला नट जागच्या जागी होता. नट असणं आणि नटाने धरणं यातला फरक डोळ्याला दिसत नाही, पान्याला कळतो.

त्याच रीनोला १९९८ मध्ये व्हूडू नावाच्या दुसऱ्या पी-५१ चा टॅब असाच गेला होता. पायलट बेशुद्ध झाला, शुद्धीवर आला तेव्हा विमान हजारो फूट वर चढलेलं. तो वाचला.

आता तुमचं आरव्ही काही त्या वेगाने जाणार नाही, मान्य. पण नट तोच आहे.

बारामतीची_शिकाऊ
बापरे. वाचतेय. मी बारामतीला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतेय, आमच्या सेसना १७२ चा टॅब मी प्रीफ्लाइटला रोज हलवून बघते आणि टिक करते, पण काय बघायचं हे आज कळलं.

बाळबोध शंका: नायलॉन वाला लॉकनट पुन्हा वापरायचा की नाही हे ठरवायचं कसं? आणि पिन असते तिथे नायलॉन नट का नसतो?

नागपुरी_एएमई
बाळबोध नाही, चांगली शंका आहे.

नट बोल्टवर नुसत्या बोटांनी फिरवत न्यायचा. नायलॉनच्या भागात आटे शिरले की तो जड व्हायला पाहिजे, बोटांनी पुढे जाता कामा नये. गेला, तर कचऱ्याच्या डब्यात. एफएएच्या (अमेरिकेचं विमान खातं) एसी ४३.१३ या दुरुस्तीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक साइजला किमान किती टॉर्कने तो फिरला पाहिजे त्याचा तक्ता आहे, पण दहा-पंधरा रुपयांच्या नटासाठी तक्ता कोण बघत बसणार, शंका आली की नवा टाक. बसवल्यावर बोल्टचा किमान एक पूर्ण आटा नटाच्या बाहेर दिसला पाहिजे, नाहीतर नायलॉनने काही धरलेलंच नाही. आणि नायलॉन असलेला नट साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पलीकडे चालत नाही, तेव्हा एक्झॉस्टजवळ नाही.

दुसरं, जिथे सांधा फिरतो तिथे बोल्ट फिरता फिरता नटालाही हळूहळू सोडवू शकतो. म्हणून तिथे कॅसल नट (खाचा असलेला) आणि कॉटर पिन (आरपार घालून टोकं वाकवायची पिन), किंवा क्लेव्हिस पिन आणि कॉटर. ट्रिमच्या जोडणीत दोन्ही प्रकार असतात. कुणी कॉटर पिनच्या जागी "तात्पुरता" नायलॉन नट टाकलाय का हे घरगुती विमानात मुद्दाम बघायचं. सेकंड हँड विमानात तर नक्कीच.

क्रॉयडनची_कोथरूडकर
आमचं आरव्ही-९ आहे, नवऱ्याने आणि मी मिळून बांधलं, इथे यूकेत एलएएचा (छोट्या विमानांची संघटना) परमिट आहे, दरवर्षी इन्स्पेक्टर येऊन बघतो. आमचे इन्स्पेक्टर आजोबा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे, चहा पिताना सुद्धा एका हाताने टॅब हलवत बसतात.

धुळेकर, प्ले कुठून येतोय हे शोधायची त्यांची पद्धत सांगते, फार सोपी आहे. एलेव्हेटरला कंट्रोल लॉक लाव, नाहीतर एलेव्हेटरच हलतो आणि तुला वाटतं टॅब हलला. एकाने टॅबची मागची कड अगदी हलक्या हाताने खालीवर करायची, जोर लावायचा नाही, कातडी वाकते आणि चुकीचं माप येतं. दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट आडवं ठेवायचं, अर्धं बोट या भागावर अर्धं त्या भागावर. जिथे प्ले असेल तिथे बोटाखाली दोन्ही भाग वेगवेगळे हलल्याचं कळतं, डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतं. हॉर्न आणि क्लेव्हिस, मग क्लेव्हिस आणि रॉड असं पुढे पुढे. खालची प्लेट काढून आतला क्लेव्हिस पण असाच.

मग पुशरॉड सोडवून टाक आणि टॅब एकटा हिंजवर हलव. दोन गोष्टी बघायच्या. तो स्वतःच्या वजनाने अडखळत पडतो की मोकळा पडतो, आणि हिंजवर तो वरखाली किंवा आजूबाजूला लचकतो का. लचकला तर हिंजचे डोळे अंडाकृती झालेत किंवा पिन झिजलीये.

आणि पिन! पियानो हिंजची पिन एका टोकाला वळवून किंवा वायरने अडकवून ठेवलेली असते. ते अडकवलेलं टोक तुटलं तर पिन थरथरीने हळूहळू बाहेर सरकते. टॅबच्या आतल्या टोकाला पिनचं तोंड किती आत आहे ते बघ, बाहेरच्या टोकाला किती बाहेर आहे ते बघ. आमच्या आजोबांनी तिथे रंगाचा बारीक ठिपका द्यायला लावलाय.

वायरमन_बंगळूर
मूळचा सांगलीचा, पोटापाण्यासाठी एव्हिऑनिक्स. मेकॅनिकल बाजू झाली, पण इलेक्ट्रिक ट्रिममध्ये लपलेलं निम्मं दुखणं वायरीत असतं त्यावर कुणी बोललं नाही.

त्या पाच वायरी अगदी केसाएवढ्या बारीक आहेत आणि एलेव्हेटर जिथे हलतो तिथून त्या फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) जातात. प्रत्येक वेळी स्टिक हलवली की त्या वाकतात. वायर बाहेरून अख्खी, आत तांब्याचे धागे तुटलेले, एखादा धागा शिल्लक. जमिनीवर चालते, हवेत थरथर आणि थंडी मिळाली की मधेच जाते. टेस्ट अशी: एकाने बटण धरून ट्रिम चालू ठेवायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने एलेव्हेटर पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत सावकाश न्यायचा. मोटर मधेच अडखळली किंवा इंडिकेटरने उडी मारली तर वायर गेली समजा. एलेव्हेटर न हलवता ही टेस्ट करणं म्हणजे नुसता टाइमपास.

दुसरी टेस्ट, मोटरच्या एका वायरीत अॅमीटर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रिम चालवा. करंट सगळीकडे साधारण सारखा पाहिजे. एखाद्या जागी वाढला तर तिथे काहीतरी अडतंय, हिंज, वाकलेला पुशरॉड किंवा स्लॉटच्या कडेला घासणारा क्लेव्हिस. आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच बघायचा.

तिसरं रनअवे, म्हणजे ट्रिम आपोआप चालूच राहणं. स्टिकवरचं बटण अडकलं किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले की ट्रिम टोकापर्यंत जाऊनच थांबते. दोन्ही स्टिकवर बटणं असतील तर कोण जिंकतं तेही जमिनीवर तपासा. ट्रिमचा स्वतंत्र ब्रेकर आहे का, आणि बेल्ट बांधलेल्या अवस्थेत तो हाताला येतो का? अनेकांचा ब्रेकर पॅनेलच्या पार उजव्या कोपऱ्यात असतो. रनअवे झाली तर स्टिक घट्ट धरा, पॉवर कमी करा, ब्रेकर ओढा. वेग निम्मा झाला की टॅबचा जोर चौथाईवर येतो, हे साधं गणित जीव वाचवतं.

सिएटलकर_पुणे३०
बरं बाबा, मान्य. मी पण आज हँगरला जाऊन बघितलं, उगाच नको.

मॅन्युअल केबलवाल्यांसाठी काय? माझ्या ट्रिमला तर ना वायर ना सर्व्हो, पुश-पुल केबल आहे नळीतून जाणारी, कॉकपिटात नॉब. त्यात लपण्यासारखं काय असणार?

क्रॉयडनची_कोथरूडकर
भरपूर. नळीत पाणी शिरतं, वर थंडीत गोठतं आणि नॉब दगड होतो. नळी बल्कहेडच्या (आतल्या पत्र्याच्या भिंतीच्या) भोकात ग्रॉमेटशिवाय (रबरी कड्याशिवाय) असेल तर हळूहळू घासते. केबलच्या टोकाला आटे असलेला भाग असतो तिथला जॅम नट सैल झाला की टोक फिरत फिरत क्लेव्हिसमधून बाहेर येतं. आणि नॉबची घर्षणाची पकड सैल झाली तर ट्रिम हवेत आपोआप सरकते, लोक समजतात विमानाचा सीजी (गुरुत्वमध्य) बदलला.

पुशरॉड किंवा रॉडएंडमध्ये (दांड्याच्या टोकाचा, कड्यात बॉल असलेला सांधा) आटे पुरेसे आत गेलेत का हे बघायला काही रॉडना बारीक भोक असतं. त्यात सेफ्टी वायर घालून बघायची. वायर आरपार गेली म्हणजे आटे तिथपर्यंत पोचलेच नाहीत.

नागपुरी_एएमई
कोथरूडकर ताई, तुमचे इन्स्पेक्टर आजोबा भेटले पाहिजेत एकदा.

रॉडएंडबद्दल एक जोड. बॉल त्याच्या कड्यातून निसटला तर पूर्ण रॉड बोल्टवरून ओघळून पडू शकतो. म्हणून बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर घालतात, कड्याच्या भोकापेक्षा मोठा. तो वॉशर आहे का बघा. असला की सांधा खिळखिळा होईल पण सुटणार नाही.

आता प्ले किती चालतो त्यावर. किटवाल्याच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच शेवटचा शब्द. नसेल तर लहान विमानांसाठी एफएएच्या फ्लटरच्या साध्या नियमात एक माप आहे: टॅबच्या मागच्या कडेचा एकूण प्ले, हिंजपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या २ टक्क्यांपेक्षा कमी, जर टॅबची लांबी ज्या पृष्ठभागावर तो बसलाय त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर. त्याहून लांब टॅब असेल तर १ टक्का. म्हणजे १०० मिमी रुंदीच्या टॅबला २ मिमी किंवा १ मिमी. एकूण म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. आमच्याकडे पोरं मधून एका बाजूला मोजून अर्धाच आकडा लिहायची.

मोजा एकदा, लिहा एकदा. पुन्हा पुन्हा मोजून चांगला आकडा निवडू नका. अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट २६१ चं हेच झालं. एमडी-८३, जॅकस्क्रूवर (नटातून फिरणारा मोठा स्क्रू) चालणारा स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख). १९९७ च्या मोठ्या चेकमध्ये एंड प्ले ०.०४० इंच आला, म्हणजे बरोबर मर्यादेवर. नट बदलायचं ठरलं. मग पुन्हा मोजलं, ०.०३३ आला, विमान सोडून दिलं. त्यानंतर ग्रीसिंगची हयगय. ३१ जानेवारी २०००, नटाचे आटे पूर्ण सोलून निघाले, ८८ माणसं समुद्रात. कुणालाही उडताना आधी काही जाणवलेलं नव्हतं, तो जॅकस्क्रू उघडून बघितल्याशिवाय दिसतच नव्हता.

टेक्सासचा_पाटील
मधेच घुसतो. माझं आरव्ही-१२, त्याला स्टॅबिलेटर आहे म्हणजे मागचा आडवा पंखच पूर्ण हलतो, आणि मागच्या कडेला अँटी-सर्व्हो टॅब. बरेच लोक त्याला नुसता ट्रिम टॅब समजतात. तसं नाहीये. स्टॅबिलेटर जिकडे जातो तिकडे तो टॅब जास्त जातो आणि स्टिकला वजन आणतो. त्याची जोडणी सुटली तर ट्रिम गेली एवढ्यावर भागत नाही, स्टिक हलकी फूल होते आणि फ्लटरचा धोका वेगळाच. पायपर चेरोकीवाल्यांनाही लागू. त्यामुळे आमच्याकडे याचं इन्स्पेक्शन "ट्रिम" या सदरात नाही, फ्लाइट कंट्रोलच्या सदरात.

बारामतीची_शिकाऊ
अवांतर: आपल्याकडे महाराष्ट्रात घरी बांधलेली विमानं आहेत का कुठे?

वायरमन_बंगळूर
कॅप्टन अमोल यादव माहीत नाहीत? कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये मुंबईत सगळ्यांनी बघितलं. २०१७ मध्ये डीजीसीएकडे व्हीटी-एनएमडी म्हणून नोंदलं. कागदांसाठी त्या माणसाने जेवढ्या चपला झिजवल्या तेवढ्यात दुसरं विमान झालं असतं. असो, विषयावर या.

डेटनचा_धुळेकर
मंडळी, शनिवारी पूर्ण दिवस टॅबखाली आडवा होतो. न धुता. अहवाल देतो, जरा लांब आहे.

आधी माप. कंट्रोल लॉक लावून, हॉर्नजवळ स्टीलची पट्टी टेपने चिकटवून, वर आणि खाली. आमचा टॅब लांब असल्याने १ टक्क्याचाच नियम धरला आणि प्ले त्याच्या चांगला पुढे निघाला. टॅबच्या दुसऱ्या टोकाला माप थोडं जास्त आलं, त्यावरून हिंजमध्येही काहीतरी आहे असा अंदाज केला.

बॅटरी मारून खालून बघितलं तर हॉर्नच्या दोन्ही बाजूंच्या हिंजच्या गाठींतून राखाडी ओघळ, काकांनी सांगितला तस्सा. बोटाने पुसला तर बोट पेन्सिलीच्या शिशासारखं चकचकीत काळं. बाकीच्या गाठी कोरड्या. म्हणजे जिथे हॉर्नचा धक्का बसतो तिथेच झीज. पिन बाहेर काढली तर बरोबर त्या दोन गाठींच्या जागी ती बारीक झालेली, नखाला कड लागते. पिनचं वळवलेलं टोक मात्र शाबूत.

मग खालची प्लेट काढली. स्क्रू आठवणीने ओळीत लावून ठेवले. आतला क्लेव्हिस, जो बाहेरून कधीच दिसत नाही, त्याच्या पिनला खाच. कॉटर पिन होती, गंजलेली नव्हती. पण रॉडवरचा जॅम नट मी दोन बोटांनी फिरवला, फिरला! त्यावर टॉर्क सीलची (नट फिरला तर तुटून दिसणाऱ्या रंगाची) खूणच नव्हती, बहुधा बांधल्यापासून कुणी लावलीच नाही. रॉड दोन्ही टोकांनी क्लेव्हिसमध्ये अडकलेला असल्याने तो पूर्ण सुटला नसता असं मेकॅनिक म्हणाला, पण तेवढा आट्यांतला खडखडाट टॅबपर्यंत पोचत होता. म्हणजे तीन ठिकाणचा थोडा थोडा प्ले मिळून तो टुक टुक.

बोटाची पद्धत एकदम भारी आहे कोथरूडकर ताई, बायको बोट ठेवून बसली आणि मी हलवत होतो, तिने आतला क्लेव्हिस माझ्याआधी पकडला.

वायरींची टेस्ट पण केली, एलेव्हेटर पूर्ण फिरवत. ठीक निघाली. करंट लिहून ठेवला. ब्रेकर माझ्या हाताला येतो पण खांद्याचा बेल्ट घट्ट केला की नाही येत, तो हलवायचा आहे.

नागपुरी_एएमई
छान काम केलंत. आता नवीन पिनवर समाधान मानू नका. पिन झिजली तेव्हा डोळेही झिजले असणार. नवी पिन घालून पुन्हा मापा. हिंजचे डोळे अंडाकृती असतील तर नवी पिन फार दिवस टिकणार नाही, हिंज बदलावी लागेल. आणि हॉर्नच्या वाकणाऱ्या कोपऱ्यांत भिंगाने क्रॅक बघा, रंग असेल तर त्या जागेपुरता काढून. रंग क्रॅकवर पूल बांधतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. जोडून झालं की दिशा तपासा, आणि ती कॉकपिटात बसून नाही. नोज अप दाबलं की टॅबची मागची कड खाली गेली पाहिजे. टॅब खाली म्हणजे वारा एलेव्हेटरला वर ढकलतो, नाक वर. लोकांना इथे हमखास उलटं वाटतं. २००३ मध्ये, २६ ऑगस्टला, हायॅनिसहून निघालेलं बीच १९००डी. एलेव्हेटर ट्रिमची केबल बदलली होती, ड्रमवर उलटी बसली, मॅन्युअलमधलं चित्रच उलटं छापलेलं. काम झाल्यावर चाचणी नीट झाली नाही, क्रूनेही चेकलिस्टमधली ट्रिमची तपासणी केली नाही. टेकऑफनंतर काही मिनिटांत दोघे पायलट गेले. तेव्हा एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "खाली गेला". बटण दाबणाऱ्याने नुसता इंडिकेटर बघून "झालं" म्हणायचं नाही.

क्रॉयडनची_कोथरूडकर
+१. आणि हिंज बदलताना टॅबला नवा रंग मारायचा मोह झाला तर जपून. हिंजच्या मागे वाढलेलं प्रत्येक ग्रॅम फ्लटरच्या बाजूने जातं. एलेव्हेटरच्या बॅलन्सचं मापही मग पुन्हा घ्यावं लागतं. इथे एकाने टॅबवर झकास डिझाइन काढून घेतलं होतं, तीन थर, इन्स्पेक्टरने सगळं खरवडायला लावलं.

डेटनचा_धुळेकर
अपडेट. नवी पिन घालून मापलं, प्ले कमी झाला पण त्या दोन गाठींत लचक राहिलीच, काकांचा अंदाज खरा. हिंज बदलली. जुन्याचे रिव्हेट ड्रिल करून काढताना भोकं मोठी होऊ नयेत म्हणून ते काम मेकॅनिकनेच केलं, मी नुसता धरायला. दोन्ही क्लेव्हिस पिन नव्या, कॉटर नव्या, जॅम नट टॉर्क करून त्यावर टॉर्क सील. हॉर्नला भिंगाने क्रॅक दिसला नाही. आता हॉर्नजवळ एकूण प्ले ०.६ मिमी, लॉगबुकात लिहिला, कुठे मापला आणि कंट्रोल लॉक लावून मापला हेही लिहिलं. रंग नुसता प्राइमर, एक हात. दिशा तपासली, बायको मागे उभी राहून "खाली गेला" ओरडली, शेजारच्या हँगरमधला अमेरिकन बाहेर येऊन विचारतो काय पडलं.

सिएटलकर_पुणे३०
हाहा. बरं, नव्या हिंजला ग्रीस लावलं की तेल? आणि जुनी हिंज फेकलीस का?

डेटनचा_धुळेकर
ग्रीस नाही, ते धूळ धरून ठेवतं आणि धूळ सँडपेपर होते. पातळ ल्युब्रिकंट, मारून जादा पुसून टाकलं. जुनी हिंज आणि पिन मेकॅनिकने स्वतःकडे ठेवलीये, त्याच्याकडे आणखी एक आरव्ही-७ येतंय पुढच्या आठवड्यात, मालक म्हणतो थोडा प्ले असतोच. तुझं मापून झालं की तुझाही आकडा टाक इथे, केबलवाल्याचा पण कळू दे.